सत्तेचाळीस नंबरची चार मिनिटं

थोरल्याला निवृत्त करायचा हुकूम आला, तेव्हा तो काढणाऱ्या माणसाच्या भिंतीवर पंचांग नसणार, हे दर्शनाने तारखेवरूनच ओळखलं. तीस सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी सहा. महिनाअखेर आणि आठवडाअखेर एकाच दिवशी, कचेरीच्या दृष्टीने अगदी दुधात साखर. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती आणि वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण दुपारी बारा अडतीसला खाडीत शिरणार होतं, याची मात्र हुकमात कुठे नोंद नव्हती.

थोरला म्हणजे कुणी माणूस नव्हे. तालुक्याच्या गावी, भरती-नियंत्रण मंडळाच्या दुमजली इमारतीत, एका गार खोलीत ठेवलेला तो मुख्य नियंत्रक. खाडीच्या दोन्ही काठांवर चौसष्ट गावांची खारजमीन आहे. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून तिला बांध घातलेले, आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून प्रत्येक बांधाला एक उघाडी, म्हणजे पाण्याचा दरवाजा. चौसष्ट उघाड्यांना चौसष्ट लोखंडी झडपा, प्रत्येक झडपेला मोटर आणि मोटरीशेजारी जेवणाच्या डब्याएवढा एक डबा. डब्याने पाण्याची पातळी मोजून थोरल्याला कळवायची आणि थोरल्याने सांगितलं की झडप उघडायची. एकत्र कुटुंबच म्हणा ना. किल्ल्या थोरल्याच्या कमरेला, बाकीच्यांनी विचारून वागायचं. म्हणून तर मंडळातल्या कुणीतरी त्याला हे नाव दिलं आणि ते चिकटलं.

दर्शना मोकल मंडळाची जाळेतंत्रज्ञ, म्हणजे डब्यांचं नेटवर्क सांभाळणारी. चौसष्टच्या चौसष्ट डबे बारा वर्षांपूर्वी तिनेच बसवले होते, भर उन्हात, चिखलात गुडघाभर उभं राहून. आता ते थोरल्याच्या यादीतून एकेक करून काढायचे, हे कामही तिच्याच वाट्याला आलं. ज्याने बसवलं त्यानेच उचलावं, असा मंडळाचा साधा हिशोब होता.

थोरला लागत का होता, ते सांगायला हवं. पूर्वी उघाडीला लाकडी झडप असे. उघाडीवरचा माणूस ती भरतीला बंद करी, ओहोटीला उघडी. पण समुद्र चढत गेला तशी ओहोटी पूर्वीइतकी खाली उतरेना. पाणी बाहेर काढायला जिथे सहा तास मिळत, तिथे अडीच मिळू लागले. त्यात आणखी एक गोम होती. खाडी अरुंद. एका गावाने दार उघडलं की त्याच्या पाण्याने खाडी चार बोटं चढते आणि शेजारच्या गावाचं पाणी अडतं. सगळ्यांनी एकदम दारं उघडली तर कुणाचंच पाणी जात नाही. थोरल्याची सगळी हुशारी एवढ्यातच होती, की त्याने चौसष्ट गावांना रांगेत उभं केलं. आधी कोण, मग कोण, हे तो रोज मोजून ठरवी. त्या रांगेमुळे प्रत्येक गावाला रोज पाऊण तास जादा मिळाला आणि सडत पडलेली खार पुन्हा भाताखाली आली.

पण थोरलाही म्हातारा झाला होता. त्याच्या आज्ञावलीची डागडुजी करणं त्याच्या कंपनीने थांबवलं होतं आणि तिच्यातली भोकं जगजाहीर झाली होती. हजार मैलांवर बसलेला एखादा उपद्व्यापी मनात आणील तर भर उधाणात चौसष्ट दारं उघडू शकला असता. तेव्हा थोरल्याला घरी बसवणं बरोबरच होतं. फक्त नवा नियंत्रक येणार होता नोव्हेंबरच्या मध्यावर. मधल्या सहा आठवड्यांचं काय, यावर हुकूम मूग गिळून बसला होता.

सोमवारी दर्शनाने चौसष्ट नंबरचा डबा काढून पाहिला. ही उघाडी खाडीच्या तोंडाशी, मागे बहुतेक तिवरांचं रान आणि दोनच भातखाचरं. ती टॅब घेऊन बांधावर उभी राहिली. पडद्यावर दोन पर्याय आले: ‘साफ करून काढा’ आणि ‘राखून काढा’. नियमाप्रमाणे पहिलाच निवडायचा होता. घर सोडून जाणाऱ्या उपकरणाने घरातलं काही बरोबर नेऊ नये, असा तो नियम. तिने बोट टेकवलं. डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला, मग पांढरा झाला, मोटर घुमली आणि झडप वर उठली.

बाहेर भरती चढत होती. खारं पाणी फेसाळत आत शिरलं.

काय झालं ते दर्शनाला तत्काळ कळलं आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. हे डबे मुळात देशावरच्या कालव्यांसाठी बनवलेले. तिथे डब्याला काही सुचेनासं झालं तर त्याने दार उघडायचं असतं, म्हणजे कालवा फुटत नाही. इथे नेमकं उलटं. बसवताना तिने ही खोड मोडली होती, पण डब्याडब्याला जाऊन नव्हे. थोरल्यात एकदाच सूचना लिहिली, चौसष्ट ठिकाणी एका दमात पाठवली आणि मैत्रिणीबरोबर चहाला गेली. थोरल्याने दिलेलं आज थोरल्याबरोबर पुसलं गेलं होतं. तिने टॅब बांधावर टाकला आणि हातचाक धरलं. पाण्याच्या रेट्याविरुद्ध झडप खाली यायला अकरा मिनिटं लागली. तोवर दोन्ही खाचरांतलं निसवलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं. खाऱ्या पाण्याने एकदा जमीन धरली की तीन वर्षं पीक धरत नाही. तिने खाचरांच्या मालकिणीकडे जाऊन चूक आपली असल्याचं तोंडावर सांगितलं, बाईंचं बोलणं मुकाट ऐकून घेतलं, आणि मगच ती कचेरीत गेली.

तिचे वरिष्ठ काटदरे साहेब वाईट माणूस नव्हते, सावध होते. दूध तर सोडाच, ते ताकही थर्मामीटर घालून प्यायले असते.

“ठरलं तर मग,” ते म्हणाले. “ओहोटीला सगळे डबे साफ करून काढायचे. दारं हाताने बंद करायची आणि बोल्ट मारायचे. सहा आठवडे उघडायचीच नाहीत.”

“आणि हस्ताचा पाऊस, साहेब? आत साचलेलं पाणी कुठून जाणार? भात निसवलंय. कमरेएवढ्या पाण्यात ते आठ दिवसही उभं राहणार नाही.”

“खारं पाणी शिरलं तर तीन वर्षं जातील, गोडं साचलं तर एक हंगाम. मी एक हंगाम निवडतो, मोकल मॅडम.”

“मी दोन्हींतलं काहीच निवडत नाही,” दर्शना म्हणाली. “मला गुरुवारपर्यंत वेळ द्या.”

काटदऱ्यांनी वेळ दिला. नकार द्यायला त्यांनाही उत्साह नव्हता, कारण त्यांच्या सासुरवाडीची खार एकोणिसाव्या उघाडीमागे होती.

दर्शनाने गेल्या दोन वर्षांतल्या थोरल्याच्या आज्ञा काढल्या आणि प्रत्येक आज्ञेसमोर झडप किती वाजता हलली ते मांडलं. पहिल्या पानावरच तिला वाटलं, घड्याळ बिघडलंय. आज्ञा पोचायच्या अर्धं मिनिट आधीच झडपा हलल्या होत्या. तिने आणखी पानं पाहिली. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा हेच. थोरला ‘उघड’ म्हणे तेव्हा दार उघडून झालेलं असे. जेवणाऱ्यांच्या हातात घास आहे आणि झोपाळ्यावरून थोरले ओरडतायत, ‘पानं घ्या आता!’ असा सगळा प्रकार.

हे कसं झालं ते शोधायला तिला दीड दिवस लागला. प्रत्येक डब्याला पाण्याखाली दाब मोजणारी एक चकती होती. शेजारच्या गावाने दार उघडलं की पाण्याचा एक बारीक फुगवटा खाडीतून सरकत येतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. चकतीला तो कळत होता. डबे शिकणारे होते, बारा वर्षांत हा फुगवटा कुणाचा, किती वेळात येतो, त्यानंतर आपली पाळी कधी येते, हे त्यांनी घोकून टाकलं होतं. त्यांना थोरल्याची तार लागेनाशी झाली होती, पाणीच त्यांचा निरोप पोचवत होतं.

म्हणजे डबे ‘राखून’ काढले, त्यांचं शिकलेलं त्यांच्यापाशीच ठेवलं, तर खाडी थोरल्याशिवाय चालली असती. चूल वेगळी झाली तरी सणवार एकत्र करणारी घरं असतातच की. दर्शनाने संगणकात खोटी खाडी तयार केली, तिच्यात त्रेसष्ट डब्यांचं शिकलेलं ओतलं, पुसल्या गेलेल्या चौसष्ट नंबरला शेजारच्या त्रेसष्ट नंबरची नक्कल दिली आणि थोरला वजा केला. खोटी भरती आली, खोटी ओहोटी झाली. दारं एकामागून एक शिस्तीत उघडली.

गुरुवारी काटदऱ्यांनी खऱ्या खाडीत परवानगी दिली, पण सातच उघाड्यांपुरती आणि एकाच ओहोटीपुरती. थोरल्याचं तोंड त्या सात डब्यांकडे बंद केलं. सातही दारं उघडली. सत्तेचाळीस नंबरचं मात्र चार मिनिटं उशिरा.

“हे बघा, इथेच!” काटदऱ्यांनी पडद्यावर पेन टेकवलं. “सत्तेचाळीस, पाणेखार. दर वर्षीच्या अहवालात हा शेरा आहे. शेचाळीसनंतर चार मिनिटं उशीर, दोष, कारण अज्ञात. थोरला याला रोज दामटायचा तरी हा आपलं तेच करायचा. बाकीचे राखून काढा, हा एक साफ करा. ज्याचं कारण मला माहीत नाही, ते मी खाडीत मोकळं सोडणार नाही.”

साहेबांचं म्हणणं वावगं नव्हतं. दर्शनाने खोट्या खाडीत फक्त सत्तेचाळीस साफ करून पाहिला आणि उशीर न करणारा गुणी डबा तिथे बसवला. दहा मिनिटांत सगळं बिनसलं. शेचाळीस आणि सत्तेचाळीस एकदम उघडले, खाडी फुगली, दोघांनी घाबरून दारं लावली, पाणी उतरलं, दोघांनी पुन्हा उघडली. ते पाहून अठ्ठेचाळीस गोंधळला, मग पन्नास. पाणेखारपाशी खाडीचे दोन फाटे मिळतात, तिथला गोंधळ दोन्हीकडे पसरला आणि तासाभरात चौसष्ट दारं भांडखोर जावांसारखी आपटू लागली. तिने तो डबा काढून पुन्हा उशीर करणारा बसवला. खाडी शांत.

तिने साहेबांना दोन्ही खेळ शेजारी शेजारी दाखवले. “अरुंद दारात सगळेच ‘आधी मी’ म्हणाले तर कोंडी होते, साहेब. एकाने ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हटलं की रांग लागते. हा एकटाच ते म्हणतोय, आणि त्याच्यामागचे सगळे त्याच्याकडे बघून शिकलेत.”

काटदऱ्यांनी दोन्ही खेळ पुन्हा एकदा चालवून बघितले. “मग तर कारण हवंच,” ते म्हणाले. “सगळी खाडी ज्याच्यावर टेकलीय, तो उद्या चारऐवजी चाळीस मिनिटं थांबला तर? यंत्राला ही बुद्धी कुठून झाली ते शनिवारी दुपारपर्यंत सांगा. नाहीतर बोल्ट.”

पाणेखार दर्शनाचं माहेर. आणि लग्नानंतर चार वर्षांनी परत आली तेव्हापासूनचं राहतं घरही. सत्तेचाळीसचा उशीर तिला ठाऊक नव्हता असं नाही, पण स्वतःच्या गावच्या डब्याकडे ती कधी नीट बघायची नाही. त्याला कारण होतं.

डबे बसवले तेव्हा पहिले नऊ महिने सरावाचे होते. माणसाने हातचाकाने दार उघडायचं आणि डब्याने नुसतं बघून शिकायचं. बाकी त्रेसष्ट ठिकाणी मंडळाने रोजंदारीची माणसं नेमली, त्यांच्या हातात छापील तक्ता दिला. पाणेखारला ती गरज पडली नाही, कारण तिथे हिराजी मोकल होते, दर्शनाचे वडील. तीस वर्षं ते उघाडीवर होते. नऊ महिने ते रोज येऊन चाक फिरवत राहिले, शेजारच्या डब्याकडे ढुंकूनही न बघता. नवव्या महिन्याच्या शेवटी दर्शनानेच त्यांना सांगितलं होतं, “बाबा, उद्यापासून येऊ नको. यंत्र शिकलंय.” हिराजींनी उघाडीची किल्ली घरी आणून खुंटीला अडकवली. त्यानंतर अकरा वर्षांत ते बांधावर चढले नाहीत. बापलेकीचं बोलणं होई, मासळीचं, भाताचं, दर्शनाच्या मुलीच्या परीक्षेचं. उघाडीचं नाव मात्र त्या घरात निघत नसे.

शुक्रवारी सकाळी तिने सरावाच्या महिन्यांची नोंद उघडली. दोनशे एकाहत्तर दिवस. हिराजींनी चाक फिरवल्याची वेळ आणि वरच्या खारीची, शेचाळीस नंबरची, वेळ तिने समोरासमोर ठेवली. पावणेचार मिनिटं. चार मिनिटं. सव्वाचार. चार. दोनशे एकाहत्तर दिवसांत एकदाही तीनच्या खाली नाही की पाचच्या वर नाही. दर्शनाने टॅब पालथा घातला आणि दुपारी ती घरी गेली.

हिराजी पडवीत सुका जवळा निवडत बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, डोळे अधू, बोटं मात्र जवळ्यातली काडी बरोबर टिपत होती.

ती समोर बसली. “बाबा, तू उघाडीवर होतास तवा शेचाळीसच्या मागून चार मिनिटं कशाला थांबायचास?”

हिराजींची बोटं थांबली. अकरा वर्षांनी तो शब्द घरात आला होता.

“शेचाळीस काय न् सत्तेचाळीस काय,” ते म्हणाले. “गावाला नाव हाय.”

“वरची खार. वरच्या खारीच्या मागून कशाला थांबायचास?”

“मिनिटं मना ठाव नाय. घड्याळ कुनाकडं होतं?” त्यांनी सूप पुढे सरकवलं. “तुजी आत्या तिथं दिली ना.”

सुगंधाआत्या. हिराजींची धाकटी बहीण.

“लगीन झालं त्याच साली मी आपली उघाडी आदी खोलली. मना काय समजत होतं तवा! आपलं पानी खाडीत आडवं परलं, वरच्या खारीचं तुंबलं, तिच्या घरचं भात कुजलं. तिची सासू भरल्या ओटीवर बोलली, भावानं बहिनीच्या ताटात पानी सोरलं.” हिराजींनी जवळ्याची मूठ सोडून दिली. “भाऊबीजंला आयली तवा मी ताटात साडी ठेवली. तिनं हात नाय लावला. बोलली, मना काय नको दादा, माजं पानी आदी जाऊ दे.”

“मग?”

“मग काय! झडपेच्या फळीवर उगडा पाय ठेवायचा. तिचं पानी आयलं का फळी थरथरतंय. थरथर थांबली, म्हंजे गेलं पुढं. मग आपली खोलायची. तीस वरसं. एक दिस चुकलो नाय.”

फळीवरचा उघडा पाय आणि पाण्याखालची चकती, दोघं एकच गोष्ट मोजत होते. नऊ महिने त्या डब्याने तिच्या बापाच्या हाताकडे बघितलं होतं, आणि पुढे थोरला रोज दामटत असतानाही ते सोडलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “ते यंत्र अजून थांबतंय.”

“कुनी सांगितलं त्याला?”

“तूच. शिकवलंस ना नऊ महिने. आत्याचं पाणी गेल्याशिवाय ते दार उघडत नाय. मी त्याला दोष म्हणून लिवत होते, बाबा. अकरा वरसं.”

हिराजींनी सूप पुन्हा जवळ ओढलं, दोन काड्या काढल्या, आणि मग डोळे पुसायला मागीलदारी गेले. जवळ्याची धूळ डोळ्यांत गेली, असं त्यांनी जाताना सांगितलं.

शनिवारी सकाळी काटदऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न टोकता. मग म्हणाले, “म्हणजे चाळीस मिनिटं थांबणार नाही.”

“नाही. पाणी पुढे गेलं की उघडेल. जास्त पाणी असलं तर मिनिटभर जास्त, कमी असलं तर कमी. घड्याळ नाही हे, साहेब, समजूत आहे.”

“सही माझीही लागेल.”

“माझी वर करते.”

काटदऱ्यांनी फाइल ओढली. ‘दोष: चार मिनिटे उशीर’ यासमोर ‘कारण’ असा रकाना होता, अकरा वर्षं कोरा. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ विचार केला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘बहिणीचे गाव.’ मग ‘दोष’ हा शब्द खोडला आणि खोडल्याजागी नियमाप्रमाणे छोटी सही केली.

दुपारी ओहोटी लागल्यावर दर्शना थोरल्यासमोर बसली. सुटं झालं की दार उघडायची ती खोड तिने आता थोरल्यातून नव्हे तर प्रत्येक डब्याच्या पोटात लिहून मोडली, एकेक करून, परत वाचून. त्याला तीन तास लागले. चहा तिने जागेवरच घेतला. मग एकेका नावावर बोट ठेवत ‘राखून काढा’ म्हणत गेली. चौसष्ट नंबरला त्रेसष्टाकडून शिकवून परत उभं केलं होतं. प्रत्येक वेळी बांधावरचा दिवा हिरव्याचा निळा होई, निळा म्हणजे स्वतंत्र. यादी आखडत गेली. शेवटी एकच नाव राहिलं, तिने ते मुद्दामच राहू दिलं होतं. तिने पाणेखारवर बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं आली: ‘उपकरणे: शून्य.’ सहाला पाच मिनिटं कमी असताना तिने थोरल्याचं बटण बंद केलं. बारा वर्षं घोंघावणारी ती खोली एकदम गप्प झाली आणि शिपायाला कळेना की आता पंखा लावायचा का.

रविवारी हिराजींनी पितरांचं पान छपरावर ठेवलं. कावळा लगेच आला. ते हात धुऊन आले, खुंटीवरची किल्ली काढली आणि चपला घालू लागले.

“कुठं, बाबा?”

“बगतंव तुजं यंत्र,” ते म्हणाले. “चल.”

बांधावर अर्धं गाव जमलं होतं. बारा अडतीसला खाडी बांधाच्या माथ्याखाली दोन हातांवर येऊन टेकली आणि तिथेच रेंगाळली. झडप जागची हलली नाही. दर्शनाच्या फोनवर चौसष्ट गावांतून निरोप येत राहिले, बंद, बंद, आमचीपण बंद. दीडला पाणी उतरायला लागलं तेव्हा लोकांनी जेवणाच्या गोष्टी काढल्या. पण अर्धंच काम झालं होतं. उधाण उतरेपर्यंत धोका नको म्हणून काटदऱ्यांनी शुक्रवारपासून दारं बंदच ठेवायला लावली होती, आत तीन दिवसांच्या पावसाचं पाणी होतं, भाताच्या लोंब्या त्याला टेकल्या होत्या. दारं नुसती बंद राहून चालणार नव्हतं, ती रांगेने उघडायला हवी होती, आणि रांग लावणारा कुणी उरला नव्हता.

चार वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. सुगंधाआत्या ओरडत होती, “दर्शे, आमची खोलली गं! पानी चाललंय!”

पाणेखारची झडप बंदच होती. एक मिनिट झालं. लगेच काटदऱ्यांचा फोन आला. “मोकल मॅडम, शेचाळीस उघडली. तुमची?”

“थांबलीय, साहेब.”

“थांबलीय ते मला दिसतंय.”

हिराजींनी चपला काढून बाजूला ठेवल्या. दर्शनाचा खांदा धरून ते उघाडीच्या कठड्यापाशी उतरले आणि झडपेच्या लोखंडी चौकटीवर उघडा पाय टेकवला. दुसरं मिनिट गेलं.

“आयलं,” हिराजी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. “सुगंधाचं पानी आयलं.”

फोनवर काटदरे श्वास घेताना ऐकू येत होते. तिसरं मिनिट गेलं. दर्शनाने टॅबकडे बघितलंच नाही, ती बापाच्या पावलाकडे बघत होती. पाऊल स्थिर होतं, फक्त बोटं चौकट चाचपत होती.

“जातंय... जातंय...” हिराजींनी पाय उचलला. “आता खोल.”

तिने कशालाही हात लावला नव्हता. मोटर घुमली, झडप वर उठली आणि पाणेखारचं पाणी गढूळ, जाडजूड, खदखदत खाडीत पडू लागलं. पाठोपाठ अठ्ठेचाळीसचा निरोप आला, मग पन्नासचा, मग इतके आले की तिने फोन पदराआड ठेवून दिला. भाताच्या लोंब्या पाण्यावरून वर येऊ लागल्या तशी बांधावरची माणसं आपापलं खाचर ओळखून एकमेकांना दाखवू लागली.

हिराजींनी डब्याकडे बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच. त्याच्यावर चिखल उडाला होता, तो त्यांनी धोतराच्या टोकाने पुसला आणि खिशातली किल्ली त्याच्या कडीला अडकवून टाकली.

दोघं बांधावरून घराकडे निघाली.

“दर्शे,” हिराजी म्हणाले, “उद्याची ओहोटी कितीला?”

“पावणेपाचला, बाबा.”

“निगताना मना हाक मार.”